उचललेली रेघ

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. नांदेडला विद्यापीठानं आधी बागेचं पाणी तोडलं, मग वसतिगृहाचं एक दिवसाआड केलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला भौतिकशास्त्र विभागातलं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद करायला लावलं. बाटलीभर शुद्ध पाणी देण्यासाठी ते यंत्र घागरींनी नळाचं पाणी गटारात सोडायचं. विष्णुपुरीचा जलाशय तळाला टेकला होता. अशा वेळी कोण काय बोलणार? डॉ. साहेबराव पवळे यांच्या गटानंही तक्रार केली नाही, खरं तर यंत्राची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती.

पवळे सर मूळचे भोकरचे. मराठवाड्यातल्या बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी केलं तसं त्यांनीही आयुष्यभर फेराइटवर, म्हणजे लोहाच्या चुंबकी संयुगांवर, काम केलं होतं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवून एका अवघड विषयाला हात घातला. काही पदार्थांत तांब्याचे अणू त्रिकोणात बसलेले असतात. प्रत्येक अणू म्हणजे एक बारीकसा लोहचुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट्या दिशेला तोंड करायचं असतं. सर पहिल्या तासाला नव्या पोरांना सांगायचे, "तीन भाऊ आहेत. दोघांनी एकमेकांकडं पाठ केली. आता तिसऱ्यानं कुणाकडं पाठ करायची?" हे भांडण पदार्थ थंड करत नेला की मिटतं, की कितीही थंड केला तरी चालूच राहतं, हा जगभरच्या लोकांना पडलेला प्रश्न होता. सरांच्या गटात त्यासाठी तिघं होती. महादेवप्पा शेटकार, पंचशीला सोनकांबळे आणि नुकतीच आलेली देगलूरची उमादेवी.

महादेवप्पा उदगीरजवळच्या देवणीचा. सगळे त्याला अप्पा म्हणायचे. शांत, हाताचा नेटका, आणि कामात एकदा बसला की उठवावा लागणारा. पदार्थ करायची रीत त्यानंच बसवली होती. जाड पोलादी भांड्यात तांब्याचे आणि जस्ताचे क्षार पाण्यात कालवायचे, भांडं घट्ट बंद करून भट्टीत ठेवायचं, आणि काही दिवसांनी उघडलं की तळाला निळसर हिरवी पूड. त्यात पाणी म्हणजे नुसतं धुवायला नव्हे, पाणी हा त्या पदार्थाचाच एक भाग. यंत्र बंद झालं तसं अप्पानं जुन्या मोंढ्यातल्या बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणायला सुरुवात केली. कॅनवर तसं लिहिलेलं होतं, सील होतं. सरांनीही हाव म्हणून होकार दिला.

त्याच पाण्यातून केलेली पूड घेऊन तो रेल्वे बदलत बदलत इंदूरला गेला. फार खालच्या तापमानाला मोजणारं यंत्र तिथंच मिळायचं. आणि तिथं त्याला ते दिसलं. आलेखाची रेघ थंडीबरोबर सरळ चालली होती, ती एका जागी हलकेच वर उचलली गेली. म्हणजे भांडण मिटत होतं. तांब्याचे अणू काहीतरी ठरवून एका बाजूला झुकत होते, आणि तेही आजवर कुणी न सांगितलेल्या रीतीनं.

सरांनी पुन्हा मोजायला लावलं. रेघ पुन्हा उचलली गेली. त्याच पाण्यातली दुसरी पूड, तीच रेघ. बाहेरच्या देशातल्या चांगल्या जर्नलनं पेपर घेतला. त्यावर पवळे सर, अप्पा आणि पंचशीला अशी तिघांची नावं होती. नांदेडच्या वर्तमानपत्रात सरांबरोबर अप्पाचाही फोटो आला. प्रकल्पाला पैसा देणाऱ्या दिल्लीच्या खात्याकडून मुदत वाढवण्याबद्दल विचारणा झाली, स्वतःचं थंडीचं यंत्र मिळायची आशा निर्माण झाली. उमादेवीला सरांनी विषय दिला तो हाच, ती रेघ का उचलली जाते त्याचं गणित मांडायचं.

देवणीत अप्पाच्या वडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण वर्तमानपत्रातला फोटो त्यांनी कापून ठेवला. मल्लिकार्जुन शेटकार बैलबाजारात पावत्या फाडायचे. जनावरं छावणीला नाहीतर खाटकाला गेली होती, बाजार ओस पडला होता, त्यामुळं ते उदगीर जिल्हा कृती समितीच्या कामाला लागले होते. नवा जिल्हा होणार अशी त्या वर्षी जोराची हवा होती. जिल्हा झाला की मोठं सरकारी कॉलेज येणार आणि तिथं पहिला प्रोफेसर आपला महादेव, हे त्यांनी मोर्च्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अप्पा नुसता हसायचा. त्याचा प्रबंध जमा झाला, परीक्षकांनी होकार कळवला. पुढचा उन्हाळाही कोरडाच आला, त्यातल्या मे महिन्यात तोंडी परीक्षा ठरली, तिला सगळे व्हायवाच म्हणायचे.

तोवर पंचशीलाचं काम वेगळ्याच कारणानं अडलं होतं. उमादेवीच्या गणिताला नवी मोजमापं हवी होती, त्यासाठी जास्त पूड लागणार होती. ती करायची जबाबदारी पंचशीलानं घेतली, पण बॅटरीच्या दुकानात कॅन मिळेना. दुकानदार म्हणाला, लोक प्यायला घेऊन जाऊन राहिले, तुम्हाला कुठून देऊ? ती लातूरची. तिचे वडील पोस्टात होते. घरी नळ महिन्यातून केव्हातरी यायचा, टाकीपाशी जमावबंदी लागलेली, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊ लागलं होतं. सुटीला ती घरी गेली तेव्हा गल्लीतल्या मेडिकलमध्ये तिला इंजेक्शनच्या पाण्याच्या काचेच्या कुप्या दिसल्या. माणसाच्या रक्तात घालायचं पाणी. याहून शुद्ध काय असणार? तिनं होत्या तेवढ्या कुप्या मागितल्या. दुकानदारानं घरी कोण आजारी आहे म्हणून विचारलं.

प्रयोगशाळेत बसून तिनं एकेका कुपीची मान मोडली आणि थेंब थेंब पाणी पोलादी भांड्यात उतरवलं. बोटं काचेनं चिरली. उमादेवी शेजारी बसून मोडलेल्या माना गोळा करत होती. पूड छान उतरली, अप्पाच्या पुडीपेक्षा रंगानं थोडी उजळ. पंचशीलाला त्याचं काही वाटलं नाही.

इंदूरला ती एकटीच गेली. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये पूड दाबून भरली, यंत्रात सोडली आणि पडद्यासमोर बसली. जिथं रेघ उचलली जायची ती जागा आली आणि मागं गेली. रेघ सरळच चालली होती. यंत्र खाली जाईल तिथवर सरळ.

आपल्याच हातून काही बिघडलं असं तिनं धरलं. दुसरी कॅप्सूल लावली. तेच. परतीच्या गाडीत तिला झोप लागली नाही. नांदेडला येऊन तिनं कुणाला न सांगता पुन्हा कुप्या मोडल्या, पुन्हा भट्टी लावली. आणि या खेपेला आणखी एक काम केलं. कपाटामागं अप्पाच्या वेळचा एक कॅन पडलेला होता, तळाला थोडं पाणी होतं. त्या पाण्यातून तिनं दुसरी पूड केली. दोन्ही घेऊन ती पुन्हा इंदूरला गेली. कुप्यांची रेघ सरळ राहिली. कॅनची रेघ बरोबर त्याच जागी उचलली गेली.

कॅनमधलं उरलेलं पाणी तिनं रसायनशास्त्राच्या विभागात नेलं. तिथल्या मैत्रिणीनं त्यात औषधाचे दोन थेंब टाकले आणि पाणी लालसर झालं. लोह. कुठल्यातरी बोअरचं, गंजक्या टाकीतलं पाणी कॅनमध्ये भरून विकलं गेलं होतं. त्यातल्या लोहाचे बारीक कण पुडीत जाऊन बसले होते, आणि लोह तर काय, चुंबकासारखं वागणारच. रेघ त्यानं उचलली होती. तांब्याच्या अणूंनी काहीच ठरवलं नव्हतं.

व्हायवाला आता फार दिवस उरले नव्हते. पंचशीला दोन दिवस विभागात फिरकली नाही. वसतिगृहात रांगेत बादली धरून उभी असताना तिच्या मनात सारखं येत होतं की कुणी विचारलं नाही तर सांगायचंच कशाला. पेपरवर तिचंही नाव होतं. अप्पानं तिला पहिल्या वर्षी भट्टी लावायला शिकवलं होतं, तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा तो लातूरला जाऊन दवाखान्यात बसला होता. आणि तिनंच हे त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अप्पा व्हायवाची मांडणी तयार करत बसला होता. तिनं काही प्रस्तावना केली नाही. तिन्ही पुडींचे आलेख त्याच्यासमोर ठेवले, कोणता कोणत्या पाण्याचा ते सांगितलं, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं म्हणून खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

अप्पानं तिन्ही आलेख शेजारी शेजारी लावून पाहिले. मग म्हणाला, "तुझ्या कुप्यांमधी काही तरी असंल."

"मीपण तेच धरून चालले होते, अप्पा."

"मी स्वतः करून बघतो."

त्यानं स्वतः केलं. कुप्या स्वतः आणल्या, स्वतः मोडल्या, इंदूरला स्वतः गेला. ते दिवस पंचशीलानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. तिला आशा होती की आपण चुकलो असू, ती देवाला मानत नव्हती तरी संध्याकाळी विहारात जाऊन नुसती बसायची. अप्पा परत आला तो थेट प्रयोगशाळेत. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. पिशवी खाली ठेवून तो स्टुलावर बसला आणि त्यानं सरळ रेघेचा नवा आलेख तिच्यापुढं ठेवला. तिनं पाणी दिलं. त्यानं ग्लास हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

मग दोघं सरांकडं गेली. सरांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना चटकन पटलं. इतकी वर्षं लोहाबरोबर काढलेला माणूस, त्यांना आलेख बघताच कळलं. म्हणूनच ते जास्त हादरले. ते सांगू लागले की जूनमध्ये दिल्लीला प्रकल्पाची बैठक आहे. पेपर मागं घेतला तर मुदतवाढ गेली, यंत्र गेलं. आपण निवृत्त झालो की ही जागा भरली जाणार नाही, खोल्या दुसऱ्या विभागाला जातील. मराठवाड्यात हे काम करणारा दुसरा गट नाही, आणि एकदा मोडला की पुन्हा उभा राहणार नाही. ते पंचशीलाकडं बघून बोलत होते, अप्पाकडं बघत नव्हते.

शेवटी ते म्हणाले, "कुणीतरी काढंलच हे कधीतरी. काढू दे. तवर तुमची आयुष्यं मार्गी लागतील."

खोलीत पंखा बंद होता. अप्पाच्या कपाळावरून घाम निथळत होता. तो म्हणाला, "सर, उमादेवीचं काय?"

सर टेबलावरचे आलेख गोळा करू लागले.

"ती त्या रेघंचं गणित करून राहिली. तीन-चार वर्षं करंल. जे न्हाईच हाय त्याचं गणित. तिला मी सांगू, का तिचं तिनं हुडकून काढंपर्यंत गप्प बसू?"

सरांनी चष्मा उचलला, पुन्हा ठेवला. तुझं तू बघ, एवढंच म्हणाले. दोघं बाहेर आली. जिन्यात अप्पा बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. पंचशीला एक पायरी वर उभी होती. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला नाही, लावावा असं वाटूनही. आपल्याच हातानं हे झालं असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः प्रयोगशाळेत आले. रात्रभर जागे असावेत असे दिसत होते. जर्नलला पाठवायच्या मजकुरात आधी माझं नाव घाल, पाणी वापरायला मी होकार दिला होता तेही लिही, असं त्यांनी अप्पाला सांगितलं, आणि व्हायवा रद्द करण्याच्या अर्जावर सही करून गेले. अप्पानं इंग्रजीत मजकूर लिहिला, पंचशीलानं वाचला, आणि त्याच सकाळी तो ईमेल गेला. मग अप्पानं उमादेवीला बोलावून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, ओढणीनं तोंड पुसलं, आणि सर मला दुसरा विषय देतील का, एवढंच तिनं विचारलं. 

घरी मात्र त्यानं कळवलं नव्हतं. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. व्हायवाच्या आदल्या दिवशी दुपारी विभागाच्या दाराशी एक जीप थांबली. मल्लिकार्जुन शेटकार उतरले, सोबत कृती समितीची दोन माणसं. उदगीरला रास्ता रोको आटोपून ते तसेच निघाले होते. अंगावर कडक इस्त्रीचं धोतर, काखेत फेटा आणि शाल असलेली पिशवी. उद्या पोरगं डॉक्टर झालं की तिथंच फेटा बांधायचा, असा बेत होता.

अप्पा तेव्हा परीक्षा विभागात गेला होता. पंचशीला व्हरांड्यात भेटली. ती त्यांना ओळखत होती, दोनदा देवणीला त्यांच्या घरी जेवली होती. तिनं त्यांना बसवलं, चहा मागवला. समितीची माणसं बाथरूम शोधायला गेली तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"काय झालं बाई? कोण गेलं का?"

तिनं सांगितलं. जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. व्हायवा होणार नाही, पेपर मागं घेतला, पदवी आता मिळणार नाही. कॅनमध्ये खराब पाणी निघालं. चहा आला तो तसाच राहिला.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. आवाज खाली करून विचारलं, "आमचं पोरगं खोटं बोललं व्हतं का?"

"नाही काका. खोटं बोलायचं असतं तर उद्या व्हायवा झाला असता."

म्हाताऱ्यानं पिशवीचे बंद घट्ट आवळले. त्याला ते कळलं का नाही ते तिला समजेना. त्यानं विचारलं की मग चूक कुणाची. तिनं सांगितलं, पाण्याची. तो म्हणाला, "असं कसं? पाण्याला नाव ठिवून गावात काय सांगू?"

 तेवढ्यात अप्पा आला. बापाला बघून तो दारातच थबकला. कुणी आवाज चढवला नाही. म्हाताऱ्यानं फक्त जेवलास का म्हणून विचारलं. अप्पा न्हाई म्हणाला. समितीची माणसं आल्यावर त्यांना सांगितलं गेलं की परीक्षक आजारी पडले, तारीख पुढं गेली. ते खोटं म्हाताऱ्यानंच सांगितलं, पोराकडं न बघता. जीप परत गेली तेव्हा अप्पाही तिच्यातच मागच्या सीटवर बसून गेला. खोलीतलं सामान नंतर पंचशीला आणि उमादेवीनं बांधून बसवर चढवून दिलं.

जूनच्या बैठकीत प्रकल्प बंद झाला. बाहेरून दोन-तीन चांगले ईमेल आले, प्रामाणिकपणाबद्दल कौतुक करणारे. सरांनी ते वाचून दाखवले नाहीत, नुसते पुढं पाठवले. उमादेवी वर्षभर थांबून देगलूरला परत गेली, तिचं लग्न झालं. सर निवृत्त झाले, खोल्या खरोखरच दुसऱ्या विभागाला गेल्या. पंचशीलानं जुन्या फेराइटवर प्रबंध पुरा केला आणि चाकूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. त्यांच्या गटात पदवी मिळालेली ती एकटीच. पदवीच्या दिवशी घरच्यांनी बुद्धवंदना घेतली, पेढे वाटले, आणि ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

उदगीर जिल्हा झाला नाही. मोर्चे निघत राहिले, मल्लिकार्जुन त्यात जात राहिले, पण पोराबद्दल बोलायचं त्यांनी सोडलं, असं पंचशीलाला देवणीच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं.

पुढं एका फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिकाला ती बाहेरची परीक्षक म्हणून उदगीरच्या एका कॉलेजात गेली. अप्पा तिथंच शिकवत होता, आतला परीक्षक म्हणून तोच असणार हे तिला आधीच कळलं होतं, आणि तो दारात उभा होता. पोट थोडं सुटलेलं, केस मागं सरकलेले. पहिली तुकडी आत होती, त्यामुळं बोलता आलं नाही. दोघांनी मिळून मुलांना प्रश्न विचारले, गुण टाकले. तो मुलांशी गोडीनं बोलायचा, अडलं की अर्धं उत्तर स्वतःच द्यायचा.

जेवणाच्या सुटीत ती त्याच्यासमोर बसली. सांगायचं होतं ते ती चाकूरहून येताना बसमध्ये शंभरदा जुळवत आली होती. गेल्या महिन्यात बाहेरच्या एका गटाचा पेपर आला होता. त्यांनी तोच पदार्थ अगदी शुद्ध करून निरपेक्ष शून्याजवळ थंड केला होता. रेघ सरळच राहिली होती, शेवटपर्यंत. भांडण मिटतच नव्हतं, आणि त्यातच त्या पदार्थाचं सगळं मोल होतं. लोक तेच शोधत होते. तिनं कुप्या मोडून केलेल्या पुडीत ते नांदेडच्या गटाच्या हातात आलेलं होतं. सरांचा गट आणखी दोन वर्षं टिकला असता, आणखी खाली जायला यंत्र मिळालं असतं, तर.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही अलीकडं काही वाचलं का?"

तो डब्यातली भाकरी मोडत होता. हात थांबला नाही.

"वाचलं," तो म्हणाला. "त्या दिवशी तासाला गेलो नव्हतो."

 त्यानं ठेच्याची वाटी तिच्याकडं सरकवली, खा म्हणाला, आणि विचारलं की सर आता कुठं असतात. भोकरला, तिनं सांगितलं, ऐकू कमी येतं आता. तो बरं म्हणाला. बाहेर दुसऱ्या तुकडीची मुलं दारापाशी गोळा व्हायला लागली होती. त्यानं डबा तसाच झाकला, हात धुवून आला आणि त्यांना आत बोलावू लागला.